पाइपातलं सरळ पाणी मधातच खवळते काहून? २००० चा आकडा खरा का खोटा?

कोरडवाहू_बीएस्सी
नमस्कार मंडळी. मी बीएस्सी सेकंड इयरले आहो, फिजिक्स घेतलं, कॉलेज तालुक्याच्या गावी हायवेले लागूनच हाय, यवतमाळ जिल्हा. आमाले एक प्रॅक्टिकल हाय. आडवी काचेची नळी, मांगं पाण्याची टाकी, नळीच्या तोंडाशी बारीक सुईतून परमँगनेटचं जांभळं पाणी सोडायचं अन् टोकाची तोटी हळूहळू खोलत जायची. पाणी हळू असलं का जांभळी रेघ सुतासारखी सरळ जाते, तोटी अजून खोलली का रेघ पयले नागमोडी होते अन् मंग एकदम फिसकटते, सारी नळी जांभळी होऊन जाते. पुस्तकात लिवलं हाय का रेनॉल्ड्स नंबर २००० च्या खाली लॅमिनार (थराथरानं शांत वाहणारं), ४००० च्या वर टर्ब्युलंट (खवळलेलं), मधात ट्रान्झिशन. इथपर्यंत ठीक.

आता घोळ पाहा. सकाळी, टाकी रात्रभर भरून ठेवली होती तवा, आमची रेघ ४५०० पर्यंत सरळ रायली. त्याच दिवशी दुपारच्या बॅचले, टाकीत वरून पाणी चालू, तं २३०० लेच फिसकटली. नळी तीच, सुई तीच, वाचणारा डोळा बी तोच. सर म्हणे जर्नलमधी २००० लिहा अन् मोकळे व्हा. लिवलं बाप्पा, पण डोक्यातून जाऊन नाही रायलं. हा आकडा एक हाय का नाही? अन् नळी एवढी गुळगुळीत, पाणी एवढं शांत, मंग गडबड सुरू कोण करते?

अजून एक, आमच्या वावरात कपाशीले ठिबक हाय, त्यातले नळीच्या शेवटाकडचे ड्रिपर पयले चोक होतात. बाबा म्हणतात तिकडं पाणी "मेलेलं" असते. याचा त्याचा काही संबंध हाय काय का मी उगाच जोडून रायलो?

लोडशेडिंग_ग्रस्त
आमच्याकडं शेतीची लाइन रात्री येते, मोटार सुरू झाली का पाणी लॅमिनार हाय का टर्ब्युलंट थे अंधारात कोन पाह्यते भाऊ. येते तेवढंच लय झालं.

वर्धेचा_मास्तर
प्रश्न चांगला आहे आणि तुझी दोन्ही रीडिंगं जपून ठेव, जर्नलमध्ये काहीही लिहिलं असलं तरी.

तू केलं ते प्रॅक्टिकल म्हणजे ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं मँचेस्टरला केलेला प्रयोग, पेपर १८८३ चा. गंमत अशी की ज्याच्या नावानं २००० चा आकडा पाठ करतो त्या माणसाला स्वतःला एक आकडा मिळालाच नव्हता, दोन मिळाले होते. काचेच्या टाकीत काचेची नळी बुडवून, नळीला कर्ण्यासारखं लाकडी तोंड लावून, पाणी कित्येक तास निवू देऊन त्यानं रंगाची रेघ सोडली, तेव्हा ती १२-१३ हजारापर्यंत सरळ राहिली. मग दुसरा प्रयोग त्यानं शिशाच्या पाइपांवर केला, त्यात पाणी मुद्दाम खवळलेलंच आत सोडलं आणि दाब किती उतरतो ते मोजत पुढे ते शांत कधी होतं हे पाहिलं, तिथं उत्तर आलं २००० च्या आसपास. म्हणजे शांत पाण्याचा वेग वाढवत नेला तर आकडा वेगळा आणि खवळलेलं पाणी शांत होताना वेगळा. पुस्तकवाल्यांनी दुसरा उचलला कारण इंजिनिअरला तोच लागतो, गावातल्या पाइपात पाणी कोण निवू देतंय.

रेनॉल्ड्स नंबर म्हणजे वेग गुणिले नळीचा व्यास भागिले पाण्याचा चिकटपणा (कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी). वेग गडबड वाढवायला बघतो, चिकटपणा ती जिरवायला बघतो, कोणाचा जोर किती याचा तो हिशेब. पण तो हिशेब फक्त एवढं सांगतो की गडबड झाली तर टिकेल का. गडबड होईल का हे तो सांगत नाही, ते टाकीत, तोंडाशी, तोटीत, टेबलाच्या हादऱ्यात असतं. रेनॉल्ड्सचं ते उपकरण मँचेस्टरच्या विद्यापीठात अजून आहे, आणि नंतरच्या लोकांनी त्यावरच प्रयोग करून पाहिला तर त्यांना १३ हजार गाठता येईना, कारण बाहेर रस्त्यावर मोटारगाड्यांची वर्दळ. तुझं कॉलेज हायवेवर, विचार कर.

आता मला सांग, दुपारी पाण्याचं तापमान किती होतं? आणि व्हिस्कॉसिटी कुठली घातली?

कोरडवाहू_बीएस्सी
सर तापमान तं कोनीच घेत नाही. जर्नलच्या तक्त्यात २० डिग्रीची किंमत छापून देल्ली हाय, सारेच तेच घालतात. मार्च एंड होता. सकाळचं पाणी खोलीतल्या टाकीतलं, २५ धरा. दुपारचं गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येत होतं, हात घातला तं चटका बसे, ४० नक्कीच असन.

मोर्शीची_संत्री
एवढं अवघड कशाला करता, रोजच्या नळाखाली पाहा ना. बारीक धार वरती काचेसारखी असते आणि खाली येता येता थेंब थेंब होते, तेच टर्ब्युलन्स. आणि पाइप खडबडीत असला की लवकर होते, आमच्या जुन्या सिमेंटच्या पाइपाचा अनुभव आहे, पीव्हीसी टाकली तेव्हापासून पाणी जोरात येते.

वर्धेचा_मास्तर
@मोर्शीची_संत्री ताई, धारेचे थेंब होतात ते पृष्ठताणामुळं, ती अस्थिरताच आहे पण वेगळी, प्लॅटो आणि रॅली यांच्या नावानं ओळखतात. त्यात धारेच्या आतलं पाणी शेवटपर्यंत लॅमिनार असू शकतं. टर्ब्युलंट धार पाहायची तर नळ पूर्ण सोडा, काच जाऊन धार दुधाळ-खरबरीत दिसते. आणि सिमेंटच्या पाइपाचं म्हणाल तर खडबडीतपणानं दाब जातो हे खरं, पण पाणी आधीच टर्ब्युलंट असेल तेव्हा. लॅमिनार प्रवाहात थोडाफार खडबडीतपणा असला तरी घर्षणात फरक पडत नाही, भिंतीजवळचा थर शांतपणे त्यावरून सरकतो.

@कोरडवाहू, आता हे बघ. २० अंशाला पाण्याची व्हिस्कॉसिटी १.००, २५ ला ०.८९, ४० ला ०.६६ (दहा लाखाव्या भागात, चौरस मीटर प्रति सेकंद). म्हणजे तुझ्या दुपारच्या २३०० ला ०.६६ नं भाग, खरा नंबर निघतो ३५०० च्या घरात. सकाळचे ४५०० होतात ५००० च्या वर. जो फरक दुप्पट वाटत होता तो दीडपटीच्या आत आला. निम्मी भानगड छापील तक्त्याची होती, वीस अंशाचं पाणी आपल्याकडं मार्चमध्ये फ्रीजमध्येच मिळतं. उरलेला फरक वरून पडणाऱ्या पाण्याचा.

बंगलोरी_भंडारेकर
मूळचा साकोलीकडचा, आता बंगलोरला विंड टनेलवर (हवेच्या बोगद्यावर) कामाला आहे त्यामुळं हात शिवशिवले. मास्तरांनी टिकण्याचं सांगितलं, मी "सुरू कोण करते" यावर लिहितो, जरा लांबेल.

साधा विचार असा की एखादा प्रवाह घ्यायचा, त्यात अगदी बारीकशी खळबळ टाकायची आणि समीकरणानं पाहायचं की ती वाढते का मरते. हे समीकरण ऑर नावाच्या आयरिश गणितीनं १९०७ ला आणि जर्मनीत सॉमरफेल्डनं १९०८ ला मांडलं. सॉमरफेल्डच्या एका पोरानं पीएचडीला हाच विषय घेतला, त्याचं नाव वर्नर हायझेनबर्ग. हो तोच क्वांटमवाला. १९२३ ला प्रबंध टर्ब्युलन्सवर, आणि तोंडी परीक्षेत प्रॅक्टिकलच्या प्रश्नांवर अडकला, सूक्ष्मदर्शकाची क्षमता काढता येईना, कसाबसा पास झाला. प्रॅक्टिकलनं छळलेल्या पोरांसाठी सांगून ठेवतो.

सपाट पाटीवरून, म्हणजे विमानाच्या पंखासारख्या पृष्ठावरून हवा जाते तिथं हे गणित कामाचं निघालं. १९२९ ला टोलमिन आणि १९३३ ला श्लिश्टिंग यांनी सांगितलं की एका ठरावीक नंबराच्या पुढे बारीक लाटा आपोआप वाढतात, आणि उलटी गोष्ट म्हणजे त्या वाढवायला चिकटपणाच मदत करतो. बाहेरच्या लोकांनी विश्वास ठेवला नाही, कारण कोणालाही त्या लाटा दिसल्याच नव्हत्या. का दिसल्या नव्हत्या, तर तेव्हाच्या बोगद्यांमधली हवाच इतकी खवळलेली की लाट तयार व्हायच्या आधीच सगळा गोंधळ. महायुद्धाच्या काळात अमेरिकेत शुबाउअर आणि स्क्रॅमस्टॅडनं अतिशांत बोगदा वापरला, पृष्ठाजवळ धातूची पट्टी ताणून ती कंप पावायला लावली, आणि गणितानं सांगितली तश्शी लाट मिळाली. युद्धामुळं ते छापून यायला १९४७ उजाडलं.

आता पाइप. गोल पाइपात हे गणित काय सांगतं? की बारीक खळबळ नेहमी मरते. संगणकावर नंबर एक कोटीपर्यंत नेऊन पाहिलं तरी मरते. म्हणजे कागदावर पाइपातलं पाणी कधी खवळायलाच नको! तरी खवळतं, कारण धक्का अगदी बारीक नसतो. पाइपाला ढकलावं लागतं, आणि नंबर जितका मोठा तितका कमी धक्का पुरतो, २००३ मध्ये मँचेस्टरच्याच लोकांनी पाइपात बाजूनं पाणी टोचून मोजलं, नंबर दुप्पट तर लागणारा धक्का साधारण निम्मा. म्हणून तुझी सकाळची टाकी ५००० पर्यंत गेली आणि दुपारची ३५०० ला ढेपाळली, धक्का मोठा तर कमी नंबरावर काम होतं.

खालची सीमा मात्र पक्की आहे. २००० च्या जवळपास सगळी नळी एकदम खवळत नाही, मधेमधे खळबळीचे तुकडे वाहत जातात, त्याला पफ म्हणतात, दोन्हीकडं शांत पाणी. रेनॉल्ड्सलाही ते चमकून जाताना दिसले होते. हे पफ बोंडअळीसारखे समज. अळी मरायच्या आधी पुढची पिढी घालून गेली तर वावर गेलं, घालायच्या आधी मेली तर प्रादुर्भाव आपोआप संपला. पफ पण एकतर विरतो नाहीतर फुटून दोन होतात. दोन्हींना लागणारा वेळ खूप मोठा असतो, त्यामुळं कोणाला नीट मोजता येत नव्हता. २०११ ला केर्स्टिन अविला, ब्यॉर्न हॉफ वगैरे मंडळींनी मोजून दाखवलं की दोन्ही वेळ सारखे होतात २०४० ला, दहाएक इकडंतिकडं. त्याच्या खाली कितीही दणका मारा, शेवटी शांत. रेनॉल्ड्सनंतर १२८ वर्षांनी आकडा हाती आला.

एक आपल्या घरचं. सपाट पाटीवर पण असंच तुकड्या-तुकड्यानं होतं, एमन्सनं १९५१ ला हार्वर्डला पातळ वाहत्या पाण्यात ते ठिपके पाहिले. त्यानंतर बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सतीश धवन (इस्रोवाले धवन) आणि त्यांचे विद्यार्थी रोद्दम नरसिंहा यांनी या ट्रान्झिशनच्या पट्ट्याचं मोजमाप करून १९५८ ला पेपर छापला. एका जागी प्रोब (वेग मोजायचं साधन) ठेवला तर हवा थोडा वेळ शांत, थोडा वेळ खवळलेली, आणि पुढे सरकलं की खवळलेल्या वेळाचा वाटा वाढत जातो, तो कसा वाढतो याचं सूत्र नरसिंहांचं, आजही वापरतात. तेव्हा २००० ते ४००० मध्ये "अर्धवट टर्ब्युलंट पाणी" असतं असं समजू नको. एका वेळी एका जागी पाणी शांत तरी असतं नाहीतर पूर्ण खवळलेलं तरी.

लोडशेडिंग_ग्रस्त
बोंडअळीचं उदाहरण देऊन साऱ्या जिल्ह्याच्या जखमेवर मीठ चोळलं भाऊ तुमी. पण समजलं राजेहो.

कोरडवाहू_बीएस्सी
समजलं काका, एकदम डोक्यात बसलं. ठिबकवाला भाग रायला मातर.

ठिबकवाला_अकोला
ठिबकचं मी सांगतो, रोज तेच काम हाय. तुझे बाबा बरोबर बोलून रायले.

१६ एमएमची इनलाइन लॅटरल (पिकाच्या ओळीतली, ड्रिपर आतच बसवलेली नळी) घे, आतला व्यास १४ धर. ४ लिटरचे ड्रिपर, दोन फुटावर एक, १०० ड्रिपर म्हणजे ६० मीटरची नळी. सबमेनपाशी (जिथून या नळ्या फुटतात त्या मोठ्या पाइपापाशी) नळीत ताशी ४०० लिटर घुसतात, वेग निघते सेकंदाले ७२ सेंटिमीटर, पाणी ३० डिग्रीचं धरलं तं रेनॉल्ड्स नंबर साडेबारा हजार. चांगलंच खवळलेलं. आता प्रत्येक ड्रिपर आपले ४ लिटर काढून घेते, तवा पुढचा नंबर दर ड्रिपरले १२६ नं कमी होत जाते. शेवटच्या ड्रिपरपाशी उरला १२६ फक्त. म्हणजे एकाच नळीत सुरुवात टर्ब्युलंट अन् शेवट लॅमिनार! कुठं बदलते? १२६ गुणिले १६ म्हणजे २०१६. तं शेवटचे १६ ड्रिपर, नळीचे शेवटचे दहाएक मीटर, तिथं पाणी शांत होऊन जाते. अन् इनलाइन नळीत दर दोन फुटावर ड्रिपरचा डबा आत बसला असते, थो पाण्याले धक्के देतच रायते, म्हणून आपल्या नळीत तुमच्या काचेसारखं ५००० पर्यंत शांत पाणी रायत नाही, २००० चाच हिशेब चालते. २००० च्या खाली गेलं तं धक्के असून बी पाणी शांत होते, वर भंडारेकरांनी सांगितलं तेच.

खवळलेलं पाणी गाळ उचलून धरते. शेवटाकडं वेग सेकंदाले १०-१२ सेंटिमीटर अन् त्याहून बी कमी, अन् वरून लॅमिनार, तं स्क्रीन फिल्टरमधून सुटलेली बारीक माती तिथं खाली बसते अन् ड्रिपरमधी शिरते. म्हणून एंड कॅप (टोकाचं झाकण) खोलून फ्लश करा म्हणून गळा सुकवतो आमी. फ्लशले निदान सेकंदाले ३० सेंटिमीटर वेग पायजे टोकाशी, त्याचा नंबर काढला तं पाच हजाराच्या वर येते, म्हणजे टोक बी खवळते. सगळ्या नळ्या एकदम खोलल्या तं दाब पडते अन् काहीच होत नाही, थोड्या थोड्या खोला.

ड्रिपर कापून पाह्यला काय कधी? ब्लेडनं उभा काप. आत नागमोडी दातेरी वाट असते, करवतीचे दात समोरासमोर ठेवल्यासारखी. ते दात मुद्दाम पाणी खवळवायले हायेत. वाट एक एमएमच्या आसपास, पण दातांमुळं तिथं नंबर २००० च्या खाली असला तरी पाणी खवळते. फायदा काय, तं दाब दुप्पट झाला तं पाणी फक्त १.४ पट वाढते, लॅमिनार असतं तं दुप्पट झालं असतं. पयले बारीक मायक्रोट्यूब लावत, त्यात पाणी लॅमिनार, तिथं दाब बदलला का पाणी बदले, अन् उन्हात नळी तापली का चिकटपणा कमी होऊन अजूनच जास्त पडे. दातेरी वाटेले उन्हाचं काही नाही.

मोर्शीची_संत्री
आमच्या नातेवाइकांचं दर्यापूरकडं आहे, ते फ्लश नेमानं करतात तरी चोक होतं, सुरुवातीचे ड्रिपर पण. मग?

ठिबकवाला_अकोला
ताई तो खारपाणपट्टा हाय, पूर्णेच्या खोऱ्यातलं पाणी. तिथं माती नाही, क्षार बसतात, ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर दिसन. त्याले प्रवाहाचं काही लागत नाही, ॲसिड ट्रीटमेंटच करा लागते, पाण्याची तपासणी करून मंगच, अन् ॲसिड पाण्यात टाकायचं, पाणी ॲसिडात नाही.

कोरडवाहू_बीएस्सी
साऱ्यांचे आभार. भंडारेकर काका, ते पफ आमच्या नळीत दिसतीन काय? नळी २० एमएमची, दीड मीटर लांब हाय.

बंगलोरी_भंडारेकर
त्या नळीत नाही दिसायचे. दीड मीटर म्हणजे व्यासाच्या ७५ पट झाली, आणि एक पफच व्यासाच्या २०-३० पट लांब असतो. शिवाय लॅमिनार प्रवाहाचा तो पॅराबोला (मधात वेग जास्त, भिंतीपाशी शून्य) नीट तयार व्हायला २००० नंबराला व्यासाच्या १२० पट लांबी लागते, तुझ्या नळीत तो पूर्ण होतच नाही, पुस्तकातलं चित्र तिथं लागूच पडत नाही. हे तुझ्या सरांना विचार, चिडणार नाहीत.

६ एमएमची काचनळी मिळव, दीड मीटरच. २५० पट झाली. ३० अंशाच्या पाण्यात २१०० नंबराला मिनिटाला साधारण ४७५ मिली पाणी पडायला हवं, मेजरिंग सिलिंडर आणि मोबाईलचं घड्याळ पुरे. टाकी रात्रभर निवव, वरची तोटी बंद, थर्मामीटर आतच राहू दे. मग नळीच्या तोंडाशी एखादी तार आडवी घालून मुद्दाम अडथळा कर, नाहीतर पफ तयारच होणार नाहीत. २१०० ते २५०० मध्ये हळूहळू फिर. टोकातून बाहेर पडणाऱ्या धारेकडंही लक्ष दे, पफ बाहेर पडतो त्या क्षणी धार जराशी आखडते आणि थरथरते, मग परत काचेसारखी होते. स्लो मोशनमध्ये छान दिसतं.

परमँगनेट अगदी पातळ कर, घट्ट केलं की पाण्यापेक्षा जड होऊन रेघ खाली बसते आणि पोरं म्हणतात फिसकटली. सुईतून रंग पाण्याच्याच वेगानं यायला हवा, जास्त वेगानं आला की तोच धक्का.

वर्धेचा_मास्तर
आणि पांढरा शर्ट घालून जाऊ नकोस, त्याचे तपकिरी डाग धुऊन जात नाहीत.